पाचवा रकाना

वादळ समुद्राकडे निघून गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी
हामामात्सूच्या कारखान्यात
एका नव्या पियानोची पट्टी रुसली.
मधल्या सप्तकातली. दाबली की खाली जायची
आणि तिथेच बसायची
शिक्षा झालेल्या पोरासारखी, मान न उचलता.

तोमोयानं कानस उचलली. दोन मिनिटांचं काम.
इसोझाकीबाईंनी त्याच्या हातावर बोट ठेवलं, नुसतं एक बोट,
आणि विचारलं, का?

नमदा फुगलाय म्हणून.
का फुगला?
हवा ओली होती. तोमोयानं खिडकीकडे हात केला.
आभाळावर ढकलणं सोपं;
आभाळ कधी चौकशीला हजर होत नाही.
बाई म्हणाल्या, वादळ बाहेर होतं.
पाणी आत का मुरलं?

हवा कोरडी करणारं यंत्र बंद होतं, अकरा ते तीन.
तक्त्यावरची शाईची रेघ
तेवढ्या वेळात एक डोंगर चढून उतरली होती.
का बंद होतं?

आता तोमोया घुटमळला.
पुढचं उत्तर यंत्र नव्हतं, माणूस होता.
रात्रपाळीचे पहारेकरी हिराइवा, वय एकोणसत्तर.

इथे बहुतेक कुदळी थांबतात.
माणसाचं नाव लागलं की खडक लागल्यासारखं वाटतं,
लोक घाम पुसतात, शिक्का मारतात, घरी जातात.

बाई कागद काखेत धरून जिना उतरल्या.
हिराइवांनी टोपी काढली, कमरेत वाकले,
आणि वाकलेलेच राहिले
त्या पट्टीसारखे.

यंत्र आवाज फार करतं, ते म्हणाले. फोन ऐकू येत नाही.

मग कुणी विचारलं नसताना, भिंतीकडे बघत:
बायको रात्री उठते. दार उघडते. माहेरी निघते.
तिचं माहेर धरणाखाली जाऊन साठ वर्षं झाली.
शेजारीण फोन करते, मग मी तिच्याशी बोलतो,
ती परत फिरते.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
बाईंनी विचारलं नव्हतं,
तरी ते पाणी
एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी,
एका बोटभर नमद्यात येऊन मुरलं होतं.

कागदावर रकाने पाचच.
पाचव्यात त्यांनी लिहिलं: यंत्राचा आवाज. जागा बदलावी.
सहावा का त्यात मावत नव्हता;
घरी अशी बायको असलेला म्हातारा रात्रपाळीला का,
याचं उत्तर द्यायला
कारखान्यालाच उभं राहावं लागलं असतं.
त्या जिन्यात थांबल्या. पेनाचं टोपण
लावलं, काढलं, परत लावलं.
मग कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर
उभ्यानंच काहीतरी लिहिलं.

खाली तोमोयानं नमदा बदलला.
पट्टी दाबली, वर आली.
पुन्हा दाबली.
वरच्या मजल्यावर, साहेबांच्या टेबलावर,
कागद पालथा पडून होता.