पिंपावरचं झाकण

आधी पिंप बघायचं, हे ठरवूनच मी घरातून निघाले.
पाणीपुरवठ्याच्या तक्रारखिडकीत सहा वर्षं बसलेय,
कुठल्या पेठेला कुठल्या वारी पाणी सुटतं
हे मला पोराच्या लसींच्या तारखांपेक्षा जास्त पाठ.
चार दिवसांआड पाणी, म्हणजे घरोघरी पिंप,
पिंप म्हटलं की झाकण,
आणि झाकण नसलं की
पुढचं मी मनातसुद्धा म्हणत नाही.
मल्लिनाथ सव्वा वर्षाचा. काठ धरून उभा राहतो,
कुठलाही काठ.

विजापूर रोडवरच्या पाळणाघरात भिंतीवर जिराफ होता,
एसी होता, मोबाईलवर दिसेल असा कॅमेरा होता.
"ऑफिसात बसून बघा मॅडम, केव्हाही."
पंधरा पोरं गादीवर, टीव्हीकडं तोंडं करून.
एकही भांडत नव्हतं.
मी विचारलं, रडलं तर कोण घेतं?
त्या म्हणाल्या, आमच्याकडं मुलं रडत नाहीत.
जिना उतरताना पायांना उगाच घाई झाली.

दुसरं सात रस्त्याजवळ. स्वस्त, लख्ख,
बाई इतक्या मायेच्या की मल्लू कडेवरून उतरेना.
पण सासू आत अंथरुणाला खिळलेली,
शेगडी जमिनीवर,
आणि त्या एकट्या.
मी हो हो म्हणत परतले, दोन दिवस त्यांचा फोन उचलला नाही.
अजून त्या बोळावरून जाताना स्कूटीचा वेग आपोआप वाढतो.

शिवलिंग म्हणाला, "परीक्षा घेलालीस काय बायकांची?"
टॉवेलच्या कारखान्यात त्याची रात्रपाळी.
दिवसा तो झोपतो, म्हणजे छातीवर पोरगं घेऊन
डोळे मिटून पडतो.
माझी रजा सोमवारी संपत होती.

तिसरं अशोक चौकाच्या आतल्या बाजूला, मागांच्या खटखटाटात.
पाटी नाही. दारात चपला, एकही वीतभर नाही.
पिंपं दोन. दोन्हींवर पत्रा, पत्र्यावर दगडी पाटा.
मी तिथंच अर्धी पटले.
राजमणी म्याकल, पन्नाशीच्या. विड्या सोडून सात वर्षं झाली म्हणे,
पण बोलता बोलता बोटं पदराचं टोक वळत होती,
वळून, दुमडून, पुन्हा सोडून.

मी वही उघडली. पहिला प्रश्न विचारायच्या आत
त्यांनीच सुरू केलं.
झोपताना काय धरतो?
कुठल्या कुशीवर?
भूक लागली की आधी रडतो, का आधी गप्प होतो?
कशाला भितो?
दोनच उत्तरं आली मला.
तिसऱ्यासाठी शिवलिंगला झोपेतून उठवलं, फोनवर.
चौथ्याला म्हणाले, कुकरच्या शिट्टीला.
घरी आल्यावर लक्षात आलं,
शिट्टीला मी दचकते. तो नाही.

मधेच एक पोरगी दुसऱ्याच्या दंडाला चावली.
राजमणींनी दोघांना मांडीवर घेतलं,
चावणारीला आधी.
असं का, ते विचारायचं राहूनच गेलं.

पहिल्या दिवशी तो खूप रडला. मी खिडकीत बसून
ऐंशी तक्रारी लिहून घेतल्या,
एकाही माणसावर खेकसले नाही.
लोकांनाच चुकल्यासारखं झालं.

काल रात्री दोन वाजता आमच्या गल्लीला पाणी आलं.
पाइप धरून मी पेंगत उभी,
तो उठून उंबऱ्यापर्यंत आला,
धारेकडं बोट करून म्हणाला, "नीळ्ळू."
मी इतके महिने पाणी शिकवत होते,
माझी आई फोनवरून नीरू शिकवत होती.
ह्यानं शब्द आणला तिसऱ्याच घरून.
लागलं मला. थोडंसं, पण लागलं.
मग मीही म्हटलं, नीळ्ळू,
आणि पिंप भरल्यावर झाकण लावलं.
पाटा नाही आमच्याकडं.
शिवलिंगची पान्यांची पेटी ठेवली वर.