पट्टी

तेव्हा काळी पाच होती.
मी म्हार्दोळच्या देवळात भजनाला पेटी धरायचो.
झेफेरिनाबाईंच्या ऑर्गनवाल्याला गालफुगी झाली
आणि कुणीतरी माझं नाव सांगितलं, एका रात्रीपुरतं.
कुंकळ्ळीचं फेस्त, त्र्याऐंशी साल.
बाईंनी विचारलं, बी फ्लॅट येतं?
म्हणालो, काळी पाच येते.
तेच ते, म्हणून हसल्या.
ती रात्र अजून संपलेली नाही.

गाणं त्या पावलूचं,
जो बोटीवर गेला आणि पत्र लिहीत नाही.
कडव्याच्या शेवटी बाई त्याला हाक मारायच्या
आणि त्यातला 'लू' असा चढायचा
जसा रेंदेर माडावर चढतो,
खाली न बघता, कमरेला कोयती.
खाली हजार माणसं माना वर करून.

पहिल्यांदा उतरलो ते मुलगी झाल्यावर. पांढरी सहा.
कुणाला कळलंसुद्धा नाही.
बहारीनला एसीने घसा धरला, काळी चार.
तिथं एक स्वयंपाकी स्टेजजवळ आला,
डोळे पुसले, माझ्या कीबोर्डवर एक दिनार ठेवला
आणि म्हणाला, माझं नाव पावलू.
नवरा गेला त्या मोसमात
बाईंनी एकही तारीख फिरवली नाही.
मीच एका रात्री न विचारता पांढरी पाच धरली.
वळून बघितलं नाही त्यांनी.
पाठीमागे डाव्या हाताची मूठ फक्त उघडली, मिटली.
राहू दे.
स्विंडनच्या हॉलमध्ये काळी तीन,
बाहेर बर्फ, आत सोरपोतेल,
आणि कोंकणी न येणारी नातवंडं खुर्च्यांवर उभी.

लोक म्हणतात, बाईंचा आवाज अजून तस्साच.
तस्साच आहे.
जमीन तेवढी खाली गेलीय.
मी कुदळ घेऊन रात्री थोडीथोडी खणतो.

काल दिवाडीला, त्यांच्या गावात,
व्हॅनच्या पायरीवर बसून
त्या गुडघ्याला पट्टी बांधत होत्या.
शांबा, आज उतरवू नको.
बाई, चार सूर...
काळी पाच, म्हणाल्या.
बी फ्लॅट नाही म्हणाल्या.

पहिलं कडवं निघालं.
दुसरं, चढावर सायकल हातात धरून नेतात तसं.
मग पावलू आला.
'पाव'पर्यंत बाई होत्या.
पुढे नुसता वारा, आणि जनरेटर.
खाजेवाल्याचा तराजूसुद्धा थांबला.
माझी बोटं पट्ट्यांवर, कुठं जावं कळेना.

बाईंनी माइकवर नख वाजवलं.
म्हणाल्या, इथं एक सूर होता.
पाडला.
आता तिथं पार्किंग आहे.
मागून एक म्हातारा ओरडला, कितीला विकला?
फुकट गेला रे, बाई म्हणाल्या,
आणि लोक हसत असतानाच पुढची ओळ धरली,
वन टू न म्हणता.
मी धावतपळत पोचलो.

शेवटच्या फेरीबोटीत आमची व्हॅन, दोन स्कूटर
आणि बर्फाची पेटी घेतलेला मासेवाला.
रायबंदरचे दिवे येईपर्यंत बाई बोलल्या नाहीत.
पट्टी सोडून मांडीवर गुंडाळत होत्या, घट्ट,
दुकानातून आणल्यासारखी.
शनिवारी कुठं?
आसोळणा.
किती वाजता पोचायचं?
चारला.
मग खिडकीतून पाण्याकडे बघत,
पांढरी चार करून बघूया का रे.

बघूया, म्हणालो.
फळी धाडकन खाली पडली.
आधी मासेवाला उतरला.