क्षम्य त्रुटी

रविवारी सकाळी साडेसहाला चिमणबागेत
चुन्याच्या रेघा मीच मारतो, कारण बाकीचे
पोहे खाऊन येतात. "बस भिया, पाच मिनिट."
ती पाच मिनिटं इंदूरची असतात.

खेळ असा: कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन झेंड्या.
चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडायचं नाही,
नुसती झेंडी ओढायची. सुटली की खेळ तिथेच थांबला.
कागदावर एवढंच.
मैदानावर मात्र
झेंडी सुटली की ओढली,
त्यानं कोपरानं झाकली की हात आपसूक तिथे गेला,
शर्ट आधीच बाहेर होता की आत्ता आला,
आणि या सगळ्यावर एकच शिट्टी, माझी.

बत्तीस वर्षं मी वजनमापे खात्यात.
सियागंजातल्या तराजूंवर शिक्के मारले,
पारड्यांच्या बुडाला चिकटवलेली चिंच नखानं खरवडली.
म्हणून झोकरकरांचा निनाद म्हणाला,
काका, रेफरी तुम्हीच.

तिसऱ्या सामन्यात
तन्वीरची झेंडी दोघांनी ओढली, निघेना.
तिसऱ्यानं ओढली तर तन्वीर पट्ट्यासकट गरकन फिरला.
"गाठ मारलीये यानं!"
"अम्मीची शपथ, नाही."
गाठ नव्हती. अम्मीनं
विरलेलं वेल्क्रो काढून नवं शिवून दिलं होतं,
दुहेरी टाक्यानं, चांगल्या मनानं.
आणि समोरच्यांचे पट्टे इतके जुने
की शिंकलं तरी गळावेत.

रात्री माळ्यावरून स्प्रिंगकाटा काढला.
पुढच्या रविवारी सगळे पट्टे कठड्यावर रांगेत.
हूक अडकवायचा, ओढायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा:
सहाशे ग्रॅम. साडेतीन किलो. नऊशे.
चार किलो शंभर.
पोरं गप्प झाली.
वर्षभर ज्याला कुणी नशीब म्हटलं, कुणी लबाडी,
ते काट्यावर असं दिसत होतं.

नियम झाला: दीड किलोला सुटली पाहिजे,
पावशेर इकडेतिकडे.
पट्टे अम्मीनंच शिवले. पैसे घेतले नाहीत.
म्हणाली, माझ्या पोराला खोटा कोण म्हणालं,
त्याला सुई ओवायला पाठवा.
निनाद गेला. दोन तास
दोरा थुंकीनं ओला करत बसला.

मग हरमीत, जी कधी बोलत नाही, नुसती पळते,
बुटाची नाडी बांधताना म्हणाली,
"काका, आणि शिट्टी? ती कशावर लावायची?"

सगळे हसले. मीही.
घरी जेवताना घास हातातच राहिला.

सतरावा नियम माझ्याच अक्षरात आहे:
सामना संपल्यावर दोन्ही संघांनी रेफरीला चिठ्ठी द्यावी.
एक ओळ. नाव नको, शिवी नको.
पहिल्या आठवड्यात बुटाच्या खोक्यात दोन निघाल्या.
एकीवर: छान. (जिंकलेल्यांची असावी.)
दुसरीवर: उशीर.

उशीर. खरं आहे.
खात्री होईपर्यंत शिट्टी ओठांत धरून ठेवतो मी,
तोवर दोन पोरं एकमेकांवर आदळलेली असतात.
काटा स्थिर होईस्तोवर आकडा लिहायचा नाही,
ही हाताची सवय.
इथे काटा स्थिर होतच नाही.

कायद्यानं प्रत्येक तराजूला थोडी चूक माफ असते.
किलोमागे किती ग्रॅम, तक्ता आहे त्याचा,
अजून तोंडपाठ.
रेफरीचा रकाना नाही त्यात.

काल चटकन वाजवली.
चुकली.
ईशानच्या कमरेला दोन्ही झेंड्या होत्या,
खाली पडला होता तो कुणाचातरी लाल रुमाल.
मी हात वर केला. म्हणालो, चूक माझी,
चेंडू होता तिथे ठेवा, पुन्हा खेळा.

"हे नियमात आहे का, भिया?"
"नाही. लिहून घ्या."
निनादनं कागद तन्वीरच्या पाठीवर टेकवला
आणि लिहू लागला.
तन्वीर म्हणाला, हळू, गुदगुल्या होतायत.