पहिले सत्र

फळ्याचे पैसे आलेच नाहीत,
म्हणून भिंतीचाच एक चौकोन मी काळा केला
आणि खडूनं लिहिलं:
उपकेंद्र, अशोक चौक, जुलै ते नोव्हेंबर.
खाली विषय.
पाचव्या विषयाचे शिक्षक आले नाहीत,
त्याची ओळ मी मोकळी सोडली.

मी समन्वयक. म्हणजे चावी, घंटा, हजेरी
आणि माठ भरणं.

बंद पडलेल्या सूत सोसायटीची माडी, खोल्या तीन.
खाली कोडमशेठचे बारा माग, टॉवेलचे.
त्यांची खटखट जिना चढून वर्गात यायची,
प्रवेश अर्ज नाही, शुल्क नाही.
सांख्यिकीच्या पाटणे बाई बार्शीहून यायच्या, तासाच्या पैशावर,
एसटीचं तिकीट वजा जाता उरायचं ते चहाचं.
पहिल्याच आठवड्यात त्या मागाच्या ठोक्यांमधून बोलायला शिकल्या:
सरासरी म्हणजे
खट
सगळ्यांचं थोडं थोडं
खट
आणि कुणाचंच पुरतं नाही.

गुरुवारी जलव्यवस्थापन.
आमच्याकडे पाणी चार दिवसांआड,
ज्या गुरुवारी नळ आला
त्या गुरुवारी पाण्याच्या तासाला पाच डोकी.
बिराजदार सर चिडले नाहीत.
बाकीच्यांपुढे लिहा, म्हणाले, प्रात्यक्षिक.

भाषांतराला कुणी मिळेना,
तेव्हा नदाफ चाचांना बोलावलं, निवृत्त पोस्टमन,
चार लिप्यांतले पत्ते वाचून चष्म्याचा नंबर वाढलेले.
त्यांनी विचारलं, पान?
राजेश्वरी चिलवेरी म्हणाली, आकु.
शिवलीला हत्तुरे म्हणाली, एली.
मागच्या बाकावरून मेहजबीन: पत्ता.
चाचा खडू हातात धरून थांबले.
पस्तीस वर्षं पत्ते वाटले, म्हणाले,
झाडाचे असतात हे विसरूनच गेलो होतो.
मग विचारलं, आणि वहीचं पान?
राजेश्वरी म्हणाली, आईला विचारून सांगते.
दुसऱ्या दिवशी म्हणाली,
आई म्हणते, मला भिजवून कापायचं तेवढंच ठाऊक.

एकदा वीज गेली. बारा माग एकदम गप्प.
पाटणे बाई त्याच वरच्या पट्टीत बोलत होत्या,
त्यांचा आवाज वर्गभर उघडा पडला.
त्या दचकल्या. पोरं बाकाकडे बघायला लागली.
कुणीतरी खोकलं.
वीज आली तेव्हा, खोटं कशाला बोलू,
सगळ्यांनाच बरं वाटलं.

नोव्हेंबरात पत्र.
पुढील सत्र मुख्य आवारात, गावाबाहेर.
विडी घरकुलातून एक रिक्षा, दोन बस.
राजेश्वरीनं वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं:
जायला दीड तास, यायला दीड,
तासाला विड्या शंभर, सरासरी.
रोजच्या तीनशे, सर.
बाईंनी शिकवलेलं अगदी बरोबर आलं होतं.

कोडमशेठनं खोल्या घेतल्या, सुताच्या गाठींसाठी.
भिंतीला चुना मारू का, म्हणाला.
राहू दे म्हणालो. गाठी लागल्या की दिसणारच नाही.

शेवटच्या दिवशी ती दाखला न्यायला आली.
चार श्रेयांक. तिनं दोनदा मोजले.
पुढं कधी कुठं गेले तर हे धरतील ना?
कारखान्यात आईच्या हजारात पन्नास छाट निघतात.
ह्यात तसलं काही नाही ना, सर?

नाही, म्हणालो.
आणि शिक्का जरा जास्तच दाबला.
शाई ओली होती, ती फुंकर घालत राहिली,
खालून उडालेली पिंज येऊन नेमकी तिथंच चिकटली.
पुसतो, म्हणालो, दुसरा देतो.
तिनं कागद ओढून घेतला.
असू दे, म्हणाली.