घोडा छाप

माळ्यावर, फाटक्या जाळ्यांच्या मागे सापडला डबा.
लाल पत्रा, वर उधळलेला घोडा,
मागचे दोन पाय गंजाने खाल्लेले.
मी चौथीत होते त्या साली ही कंपनी बंद पडली.
ताहेरभाईंकडे शेवटचे तीन डबे उरले होते.
भाऊंनी तिन्ही उचलले,
म्हशीसाठी साठवलेल्या पैशांतून,
आणि आई आठ दिवस बोलली नाही.

भाऊंची वही आहे, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची, दाभणाने शिवलेली.
एका पानावर एकच दारू, तिचं माप, तिचा स्वभाव.
'ही रागीट.'
'ही आळशी, थंडीत उशिरा उठते.'
'घोडा. शांत. हिच्यावर भरवसा.'
माप म्हणजे आईच्या करंड्याचं झाकण,
कानशीने कडा घासून बेताचं केलेलं.
पुढे नवी दारू आली तेव्हा पास्कू म्हणाला,
"दारू ती दारू, घाल त्याच मापान."
भाऊ काही बोलले नाहीत.
त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं फक्त,
तिथे दोन बोटं आहेत.

पावसाळाभर डबा उघडायचा नाही.
दसऱ्यानंतर उन्हं करकरीत झाली की पडवीत सतरंजी,
चूल विझलेली, बिडी कानावर,
मांजरसुद्धा अंगणात.
सतरा पितळी काडतुसं ओळीने उभी.
झाकण निघालं की आधी नाक.
"आंबूस वास इलो की समजायचा,
ती आता आपली रवली नाय."
मला एकदा हुंगू दिलं होतं.
तो वास पुढे कॉलेजात भेटला,
मैत्रिणीच्या नेलपॉलिशच्या बाटलीत.

बंदूक देवगडच्या ठाण्यात आहे
मागच्या निवडणुकीपासून.
भाऊ शिमग्यात गेले. पावती माझ्याकडे.
वारसाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला,
आडनावात एक वेलांटी चुकली म्हणून.

वैशाखात मी डबा उघडला.
आधी नाक.
आंबूस.
झाकणाच्या आत तांबडी धूळ,
बोटाला लागली ती पदराला पुसायचीही भीती वाटली.
पास्कू कुंपणापलीकडूनच म्हणाला,
"मेली गे ती.
उनात ठेवू नको, चुलीत घालू नको,
आणि माझ्या हातात तर देवच नको."

विहिरीत कशी टाकू? समुद्रात
त्याच्याच पोरांची जाळी असतात.
वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, पुसट:
'मेलेली दारू मातीला चालते. पातळ पसरावी.'
परसात, रताळ्यांच्या वाफ्यात,
चिमटीचिमटीने पेरली, वर पाणी मारलं.
रांगोळी घालतो तशी वाकून, तासभर.

वेल माजले. पायवाट गिळली, धोंड चढली.
कार्तिकात हातभर खणलं तर
रताळं मनगटाएवढं, गुलाबी.
म्हटलं, अजून चार दिवस राहू देत.

चौथ्या रात्री डुकरं आली.
आठ, पिल्लांसकट.
अख्खा वाफा नांगरल्यासारखा.
जी दारू त्यांच्यासाठी भरायची
ती कचाकचा चावून खात होती,
गोड झालेली.

मी पडवीत. एका हातात रिकामा डबा, एका हातात मुसळ.
वाजवला. घोड्याच्या बरगडीवरच.
रंगाचा पोपडा उडाला.
मोठ्या डुकराने मान वर केली,
बघितलं, परत खाली घातली.
अजून वाजवला.

मग वहाळापलीकडून दुसरा डबा वाजला.
दोन बोटांत काठी धरणाऱ्याचा ठेका
लंगडा असतो.
ओळखला.