वेढे

चौघांपैकी एकटा असा कुणीच चोर नव्हता.
हे मी फौजदारालाही सांगितलं.
तो हसला. त्याचंही बरोबर होतं.

इलाहीला अंधाराची भीती,
भुपालला पाण्याची.
जाल्याला कशाचीच नाही, फक्त एकट्याला झोप लागायची नाही.
आणि मला नुसती शिट्टी वाजवता यायची.

भिलवडीच्या खाली, कृष्णेच्या काठानं
ओळीनं मोटारी. बारानंतर लाईट गेली
की केबल मेलेली.
कापायची, वरचं रबर जाळायचं,
तांबं किलोवर.
मग भडंग.
खरं सांगू, तांब्यापेक्षा ती भडंगच.
एका कागदात चार हात.

"येतोस का?" असं कुणी कधी विचारलंच नाही.
गाडीवर जागा ठेवलेली असायची
दोघांच्या मध्ये, माझ्याएवढीच.
नाही म्हणायला आधी प्रश्न लागतो.

अकरा महिन्यांनी सांगलीच्या जेलातून सुटलो
तेव्हा फाटकाशी बहीण नव्हती.
तिचा दीर होता, मगदूम, वाइंडिंगवाला.
लग्नात एकदा पाहिलेला.
म्हणाला, "हात दाखव."
बोटं बघितली. "बस मागं."

आता तेच तांबं, पण नवं, वार्निशच्या वासाचं.
एका कॉइलला बासष्ट वेढे.
मोजताना कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून.
साडेआठला मगदूमवहिनी ताटं घेतात
आणि माझ्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवतात.
लोक म्हणतात, सुधारला.
मी फक्त भाकरी गार व्हायच्या आत पोचतो.

परवा आमणापूरचा एक म्हातारा
जळकी मोटार घेऊन आला.
"केबल दोनदा गेली," म्हणाला,
"काय खात असतील रं असली माणसं?"
भडंग, मी म्हणालो नाही.
मजुरी निम्मी लावली.
मगदूमनं वही बघितली, मिटली.

काल रात्री शटरबाहेर दोन हॉर्न.
जाल्या.
मागची सीट पुरती रिकामी.
भुपाल चाकणला गेलाय,
इलाहीला मुलगी झाली, तो फोन उचलत नाही.
एवढं सांगून गप्प.
एकेचाळीस. बेचाळीस.
गाडी बंद करत नव्हता, जातही नव्हता.
त्याच्या पाठीमागची ती जागा
मला अजून मापाची होती.

मी मान वर न करता म्हणालो,
"हे टोक धर जरा. ताण सुटू देऊ नको."

बोललो, म्हणजे आकडा गेला.

एक.
गाडी चालूच होती.
दोन.