रात्रीची फेरी

सातेरी रात्रीच हलवायची, हा नियम.
दिवसा पेटी उचलली तर निम्मी माणसं कामावर राहून जातात.
मी माणसंच म्हणतो त्यांना.
अंधार पडला, शेवटची माशी आत गेली
की दाराला जाळी, वर ओलं गोणपाट,
आणि पिकअपच्या हौद्यात अठरा पेट्या.

तापोळ्याचा बार्ज सहाला बंद होतो.
ज्ञानू उत्तेकरला दोन दिवस आधी सांगून ठेवलेलं.
म्हणाला, "डिझेलचं द्या, आन् एक बाटली जांभळाची.
ल्हान नको. ल्हान बाटलीतला मध म्हातारी औषध म्हणून जपती,
खात न्हाय."

पावणेदहाला लोखंडी पाट खडखडला, मी गाडी चढवली.
हँडब्रेक, पहिला गिअर, चाकांमागे दगड.
एवढ्या लोखंडावर माझी एकटीचीच गाडी,
पंगत उठल्यावर मागे उरलेल्या माणसासारखी.

काठावर टॉवरची एक कांडी होती, तेवढ्यात आवाज आला
मावसभाऊ दिगंबरचा. तो लांब कुठल्या समुद्रात
मोठ्या फेरीबोटीवर भांडी घासतो.
"अरे सातशे गाड्या पोटात, वर गालिचे,
लोक एका बंदरात झोपतात
आणि दुसऱ्या बंदरात दात घासतात.
मधलं पाणी कुणी बघतच नाही."
मागे ताटांचा खणखणाट.
मग कांडी गेली.

आमची फेरी वीस मिनिटांची.
अर्ध्यावर धुकं आलं.
माघातलं धुकं इथं उतरत नाही, पाण्यातून वर येतं.
आधी कठड्याचा रंग गेला, मग कठडा,
मग ज्ञानूची बिडी तेवढी राहिली.
त्यानं इंजिन बंद केलं, नांगर सोडला.
दोर बराच वेळ जात राहिला.
"लागला का?"
"लागला. भितीला आसंल, न्हायतर चिंचंला."
एवढंच. यापुढं विचारायचं नसतं इथं.

इंजिन थांबल्यावर ऐकू आलं:
अठरा पेट्यांचा मिळून एक आवाज,
दूध वर येण्याआधी पातेलं बोलतं तसा.
थंडीत त्या एकमेकींना धरून नुसत्या थरथरतात,
त्यातनं ऊब काढतात.
ज्ञानूनं हौद्याला पाठ लावली.
"गरम लागतंय की वो," म्हणाला, आणि तिथंच बसला.
मीही बसलो.

दीडच्या सुमाराला म्हणाला,
"कोंडून जीव घाबरत आसंल. उघडा की घटकाभर."
मी म्हटलं, नाही उघडायची.
उजाडलं की माशी बाहेर पडते, पेटीकडे तोंड करून
मागं मागं उडते, लहान घिरटी, मग मोठी.
झाड कुठं, डोंगर कुठं, दार कुठं, पाठ करते.
ही जागा एकदा पाठ झाली
की आपण गेल्यावरही ती इथंच येणार,
पाण्यावर एवढ्याच उंचीवर फिरत राहणार,
दार होतं तिथं.

ज्ञानू काही बोलला नाही.
बिडी विझवून थोटूक खिशात टाकलं, पाण्यात नाही.
झोपला असं वाटत असताना, खूप वेळानं,
"आमचा आज्जा," म्हणाला,
"त्याला तिकडं लांब जमीन मिळाल्याली. सपाट, काळी. चांगली व्हती.
दर उन्हाळ्यात यायचा. पानी आटलं की बसायचा कडंला."
मग बोटानं पेटीवर हळू टकटक केलं,
घरात कोण आहे का विचारतात तसं.
आतला आवाज जरासा चढला, परत बसला.

पहाटे कोंबडा आरवला, कुठल्या काठाचा ते कळेना.
नांगर वर आला तर त्याला नुसता चिखल,
ज्ञानूनं तो हातानं पुसला, हात विजारीला.

पलीकडे लागलो तेव्हा जांभळीच्या शेंड्याला ऊन होतं,
कळ्या अजून मिटलेल्या.
पेट्या मांडल्या, तोंडं उगवतीला,
जाळ्या एकेक करून काढू लागलो.
सातव्या पेटीशी ज्ञानू आला, बार्ज कसाबसा बांधून.
"ही मी उघडू?"
मी बाजूला झालो.